सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंच

अल्बर्ट आइनस्टाइन यांना पोटदुखीचा जुना त्रास होता. पोटाच्या वरच्या भागात कळ यायची, उलट्या व्हायच्या, मग सगळं शमायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. डिसेंबर १९४८ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ज्यूइश हॉस्पिटलात डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. हृदयातून निघून पोटात उतरणारी महाधमनी एका जागी फुगून मोठ्या मोसंबीएवढी झालेली त्यांना दिसली. फुगलेला भाग काढून तिथे दुसरी नळी जोडण्याची शस्त्रक्रिया तेव्हा उपलब्ध नव्हती; ती पॅरिसमध्ये शार्ल द्यूबो यांनी १९५१ साली यशस्वी केली. निसेन यांनी त्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्यामुळे आजूबाजूला जाड पेशीजाल तयार होऊन धमनीला आधार मिळेल, असा हिशेब होता. आइनस्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये पोट पुन्हा दुखू लागलं, तेव्हा लक्षणं पित्ताशयाला सूज आल्यासारखी होती. १८ एप्रिलला ते गेले आणि शवविच्छेदनात धमनीचा फुगा फुटल्याचं आढळलं. फुटलेली असते धमनी आणि दुखणं वाटतं पित्ताशयाचं, अशा फसव्या चित्राला पुढे डॉक्टरांनी आइनस्टाइन यांचंच नाव दिलं.

आज असा फुगा साध्या सोनोग्राफीत काही मिनिटांत दिसतो. नेहमी सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असलेली ही धमनी तीन सेंटिमीटरच्या वर गेली की तिला फुगा म्हणतात. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी ही तपासणी एकदा करून घ्यायला बोलावतात, कारण पासष्टीपुढच्या पुरुषांत, त्यातही धूम्रपान केलेल्यांत, हा आजार जास्त दिसतो. म्हणजे साधन आहे, उपायही आहे. मात्र पोटाची तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहून कोणाच्या तरी मनात शंका यावी लागते.

आपल्या घरांत ही शंका उशिरा येते. सत्तरीच्या माणसाने पोट दुखतंय म्हटलं की उत्तरं ठरलेली असतात: गॅस झाला असेल, पित्त खवळलं असेल, रात्री वाटाण्याची उसळ खाल्ली ना! मग ओवा, हिंग, सोडा आणि मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी. पुष्कळदा तेवढ्याने बरंही वाटतं. पण गोळी घेतली की बरं आणि सोडली की पुन्हा तेच, असं महिनोन्‌महिने चालू राहिलं, तर ते घातक ठरू शकतं. पित्ताच्या गोळीने जठरातल्या कर्करोगाची लक्षणंसुद्धा काही काळ दबतात. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे. साठीनंतर पोटाची एखादी नवी तक्रार सुरू झाली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर कारण कळेपर्यंत तिचा पाठपुरावा करायचा.

वयाबरोबर लक्षणं मंदावतात

विशीतल्या मुलाच्या अपेंडिक्सला सूज आली की ताप चढतो, पोट कडक होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. हाच आजार ऐंशीच्या माणसाला झाला तर यातलं काहीच ठळक नसेल, असंही होतं. ताप येत नाही. पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, त्यामुळे आतल्या दाहानेही पोट फारसं कडक लागत नाही. पांढऱ्या पेशी नॉर्मल येतात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मज्जातंतू बोथट झालेले असतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी वाढत नाही. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल तर दाहच झाकला जातो. पुढे गुडघ्यासाठी घेतलेली पेनकिलर पोटाचं दुखणंही कमी करते.

मग आजार दुसऱ्या वाटेने दिसू लागतो. जेवण निम्म्यावर येतं. रोज फिरायला जाणारे आजोबा अंथरुणातून उठायला कंटाळतात. कोणी असंबद्ध बोलायला लागतं, कोणी बाथरूममध्ये पडतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर पोट दुखतंय हे सांगताही येत नाही. तो चिडतो, येरझारा घालतो, कपडे ओढतो. अशा वेळी प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून मूत्राशय बेंबीपर्यंत आलेलं असू शकतं आणि नळी घालून ते मोकळं केलं की तासाभरात माणूस शांत होतो. घरचे मात्र तोवर मानसिक त्रास वाढला म्हणून झोपेची गोळी वाढवून मागत असतात.

दुसरी अडचण म्हणजे म्हातारपणी एका पोटात एकाच वेळी चार गोष्टी सापडतात. पित्ताशयात खडे असलेली पुष्कळ म्हातारी माणसं त्यांचा काहीही त्रास न होता जगतात. तपासणीत खडा दिसला म्हणून दुखणं खड्याचंच, असं धरून चाललं तर खरं कारण मागे राहतं. खड्याची कळ ओळखीची असते: बहुधा तेलकट-तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मधोमध येते, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते आणि काही तासांत ओसरते. दिवसभर राहणारा मंद जडपणा आणि उतरणारं वजन यांचा खड्याशी सहसा संबंध नसतो.

दुखणं एका जागी, मूळ दुसऱ्या जागी

नेमकं कुठे दुखतं असं विचारलं की म्हातारी माणसं सगळ्या पोटावरून हात फिरवतात. यात त्यांचा दोष नाही. त्वचेवर टाचणी कुठे टोचली ते आपण अचूक सांगतो, कारण तिथे मज्जातंतूंचं दाट जाळं आहे. आतल्या अवयवांना ते विरळ आहे. शिवाय या अवयवांकडून येणारे संदेश मणक्यात दोन्ही बाजूंनी शिरतात, म्हणून दुखणं मधोमध जाणवतं. जुन्या वाड्याच्या दिंडीची कडी वाजली की कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोणत्या बिऱ्हाडाकडे ते कळत नाही, तसाच हा प्रकार.

तरी ढोबळ खूण मिळते. गर्भात आतडी तयार होताना त्यांचे तीन भाग पडतात आणि ती वाटणी आयुष्यभर टिकते. जठर, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांचं दुखणं बेंबीच्या वर जाणवतं. लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याची उजवी बाजू यांचं बेंबीभोवती. मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागाचं ओटीपोटात. दाह पोटाच्या आतल्या अस्तराला भिडला की मात्र जागा बोटाने दाखवता येते.

काही दुखणी पोटाबाहेरून येतात. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं की छातीऐवजी पोटाच्या वरच्या खळग्यात जळजळ होते, मळमळतं, घाम फुटतो. मधुमेही आणि वयस्क स्त्रियांमध्ये हे विशेष दिसतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या पोटाच्या वरच्या भागातल्या नव्या दुखण्यात ईसीजी आधी काढतात. फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटदुखीच्या रूपात येतो. नागिणीत पुरळ उठण्याआधी काही दिवस एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि तेव्हा सगळे मूतखडा शोधत बसतात.

निम्मं निदान बोलण्यातून

एक नमुन्याचा प्रसंग पाहू. ७२ वर्षांच्या आजी, सोबत सून. हातात सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट, त्यात विशेष काही नाही.

“आजी, काय होतंय?”

“काही नाही हो डॉक्टर, पोट जरा जड वाटतं. वयच झालंय.”

“कधीपासून?”

“झाले की बरेच दिवस.”

इथे घाईतला डॉक्टर गॅसची गोळी लिहून देईल. अनुभवी डॉक्टर तारीख विचारत नाही, सण विचारतो.

“गणपतीत होतं का असं?”

“छे! गणपतीत मीच सगळे मोदक वळले. नवरात्रात उपासाने जड वाटलं असेल म्हटलं. दिवाळीत मात्र फराळाचं खावंसंच वाटलं नाही.”

“आधी भाकरी किती खायचात?”

“दीड. आता अर्धीतच पोट भरतं.”

एवढ्यात सून सांगते, “ब्लाउज सगळे ढिले झालेत त्यांचे. आणि परकराची नाडी मात्र काचते म्हणतात. रात्री लघवीला तीन-चारदा उठतात, ते आधी नव्हतं.”

या दोन वाक्यांनी तपासाची दिशा बदलते. दंड आणि खांदे उतरत आहेत, म्हणजे वजन घटतंय. कंबर वाढते आहे, म्हणजे पोटात पाणी किंवा गाठ असू शकते. थोडंसं खाऊनच पोट भरणं, पोट फुगणं, वारंवार लघवी, ओटीपोटात दडपण ही लक्षणं पन्नाशीपुढच्या स्त्रीमध्ये नव्याने सुरू होऊन टिकली, तर अंडाशयाचा कर्करोग आहे का हे तपासायचं असतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्ये डॉक्टरांना तसा स्पष्ट सल्ला दिला. सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, एवढ्याने सुरुवात होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘आतड्याची संवेदनशीलता’ म्हणजे आयबीएस सुरू झाल्यासारखं वाटलं, तरी हा तपास करावा, कारण आयबीएस बहुधा त्याआधीच सुरू झालेला असतो. आजींच्या हातातल्या रिपोर्टमध्ये मात्र फक्त वरच्या पोटाची तपासणी होती. ओटीपोट कोणी पाहिलंच नव्हतं.

शौचाबद्दलही असंच खोदून विचारावं लागतं. “साफ होते ना?” याचं उत्तर “होते” असंच येतं. रंग काय, रक्त दिसतं का, सवय बदलली का, पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटतं का, हे वेगवेगळं विचारावं. मोतीबिंदू असलेल्या माणसाला मंद दिव्याखाली डांबरासारखी काळी शौच दिसतच नाही. दातांची कवळी सैल झाल्यामुळे चावता येत नाही, म्हणून जेवण घटलं का? जोडीदार गेल्यापासून एकट्याने जेवावंसं वाटत नाही का? म्हातारपणीचं नैराश्य अनेकदा भूक मरणं आणि पोट बिघडणं याच रूपात येतं. मात्र तो निष्कर्ष शारीरिक तपास पुरा करूनच काढायचा. तंबाखू, विडी आणि मिश्रीही विचारायची. मिश्री लावणाऱ्या आजीला “तंबाखू खाता का?” म्हटलं तर त्या खरेपणाने “नाही” म्हणतील. अन्ननलिकेच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी धूरविरहित तंबाखूचा संबंध सिद्ध झालेला आहे.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

कित्येकदा दुखण्याचं कारण औषधांच्या पिशवीतच असतं. म्हणून सगळी औषधं सोबत न्यावीत. दुसऱ्या डॉक्टरांची, जाहिरात पाहून आणलेली आणि शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा.

गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर जठराला व्रण पाडते, आणि म्हातारपणी असा व्रण काहीच न दुखता थेट रक्तस्रावाने प्रकट होऊ शकतो. सोबत हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन असेल तर धोका वाढतो. मेटफॉर्मिनने पोट फुगतं, जुलाब होतात. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं आणि शौच काळपट होते. रक्ताने काळी झालेली शौच मात्र चिकट आणि उग्र वासाची असते. डिगॉक्सिनचं प्रमाण रक्तात वाढलं की अन्नावरची वासना जाते, मळमळतं. हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट पेलाभर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ बसावं लागतं. ती घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते. ट्रॅमाडॉल आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या आतड्याची हालचाल मंद करतात.

आपल्याकडचे दोन धोके वेगळे सांगायला हवेत. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली जाते, आणि काही आठवड्यांनी रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, पोटदुखी, सारखी तहान आणि गुंगी असं सगळं एकदम सुरू होतं. तसंच काही भस्मांमध्ये शिसं सापडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. शिशाच्या विषबाधेत पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि पोटाची सगळी चित्रं नॉर्मल येतात.

हात लावून तपासणं

मशीनपुढे जाण्याआधी माणूस तपासायचा असतो. डोळ्यांची खालची पापणी ओढून फिकेपणा, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात कावीळ, डाव्या हंसळीच्या हाडावर गाठ आहे का हे पाहायला एक मिनिट पुरतं. पोटातल्या कर्करोगाच्या पेशी कधी कधी त्या गाठीत येऊन बसतात.

जांघ उघडी करून बघणं महत्त्वाचं आहे. बारीक अंगाच्या वयस्क स्त्रियांमध्ये जांघेतला छोटा हर्निया आतडं अडकवतो, आणि नऊवारीच्या किंवा गाऊनच्या आड संकोचाने कोणी तिथे पाहतच नाही. गुदद्वारातून बोटाने तपासणीही अशीच टाळली जाते. त्या तपासणीत गुदाशयातली गाठ, प्रोस्टेट, काळी शौच आणि खडा होऊन बसलेला मळ हे सगळं कळतं. मळ असा अडकला की त्याच्या कडेने पातळ शौच झिरपत राहते. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि अडथळा आणखी पक्का होतो.

एक सोपी चाचणी फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जॉन कार्नेट यांनी १९२६ साली सांगितली. रुग्णाला उताणं झोपवून दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि त्याला डोकं-खांदे थोडे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं कमी झालं, तर मूळ आत आहे; स्नायूंची ढाल मध्ये आली. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर मूळ पोटाच्या भिंतीतच असण्याचा संभव जास्त. त्या एका निष्कर्षाने अनेक महागड्या तपासण्या टळतात.

कोणती तपासणी काय सांगते

पहिल्या फेरीत ईसीजी, रक्तगणना, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, लायपेज, कॅल्शियम, थायरॉइड आणि लघवी. यात सगळ्यांत बोलका आकडा असतो हिमोग्लोबिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने पुरुषांत १३च्या खाली आणि स्त्रियांत १२च्या खाली रक्तक्षय धरतात. पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये किंवा वयस्क पुरुषात लोहाची कमतरता दिसली, तर नुसती टॉनिकची बाटली देऊन भागत नाही. रक्त जातंय कुठून हे शोधायला जठर आणि मोठं आतडं दोन्ही दुर्बिणीने पाहावी लागतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला कर्करोग अडथळा न करता बराच काळ थेंबथेंब रक्त गमावत राहतो, आणि त्याची पहिली खूण जिना चढताना लागणारी धाप असते.

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, मूत्राशय, पोटातलं पाणी आणि महाधमनी चांगली दिसतात. जठर आणि आतड्याच्या आतली बाजू तिला दिसत नाही. गॅसच्या आड स्वादुपिंड लपतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की एवढेच अवयव एवढ्यापुरते ठीक आहेत, असा अर्थ घ्यावा. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाची सोनोग्राफी’ लिहिण्यापेक्षा प्रश्न लिहिलेला बरा: महाधमनीची रुंदी किती, अंडाशयं कशी, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते.

सीटी स्कॅन पुढची पायरी. त्यासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाआधी मूत्रपिंडांचं काम बघावं लागतं. कोलोनोस्कोपीआधी आतडं धुवायला जे औषध पितात, त्याने म्हातारी माणसं कोरडी पडतात, चक्कर येऊन पडतात. त्या रात्री सोबत कोणीतरी हवं. रक्त पातळ करणारी गोळी तपासणीसाठी थांबवायची का, कधी आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आपल्या मनाने ती बंद करू नये.

लक्षणांचे जोड ओळखा

एकटं लक्षण फार काही सांगत नाही. दोन-तीन लक्षणांचा जोड सांगतो.

जेवल्यावर अर्ध्या-एक तासात बेंबीभोवती कळ येते, म्हणून माणूस जेवायलाच घाबरतो, आणि महिन्यागणिक वजन उतरतं. याला अनेकदा नखरे समजतात. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की असं होतं. जेवण झालं की आतड्याला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही आणि आतडं दुखू लागतं. आधी हृदयविकार, अर्धांगवायू झालेल्या किंवा चालताना पोटऱ्या दुखणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या माणसांत हे दिसतं. साधी सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी नॉर्मल येते. धमन्यांचा सीटी काढला तरच उलगडा होतो. वेळेत कळलं तर धमनीत स्टेंट घालता येतो.

पाठीपर्यंत जाणारं, पुढे वाकून बसलं की कमी होणारं दुखणं, वजन घटणं, आणि साठीनंतर अचानक सुरू झालेला मधुमेह, हा जोड स्वादुपिंडाकडे बोट दाखवतो. घरात कोणालाही साखर नसताना, वजन वाढलेलं नसताना, साखर का वाढली हा प्रश्न विचारायला हवा. संध्याकाळी बारीक ताप, भूक नाही आणि पोटात पाणी असेल, तर आपल्या देशात क्षयरोग विसरून चालत नाही. तो आतड्यालाही होतो आणि औषधांनी बरा होतो.

बरं होणारं निदानही पुष्कळदा निघतं, हे लक्षात ठेवावं. जठराचे व्रण चिंतेने आणि तिखटाने होतात असं डॉक्टरही मानत असत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू वाढवून दाखवला. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. आता बहुतेकांत दहा-चौदा दिवसांच्या औषधांनी तो जिवाणू जातो. ज्याला वर्षानुवर्षांचं पित्त म्हणून लोक सोसत राहतात, त्याचा असा कायमचा निकाल लागू शकतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. अचानक सुरू झालेली, बसू न देणारी वेदना. चक्कर आणि घामासह पोट-पाठ दुखणं. काळी शौच किंवा रक्ताची उलटी. पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद होणं. लघवी न होणं. ताप-थंडीसह कावीळ. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाला एकाएकी भयंकर पोटदुखी होणं, आणि पोट दाबून पाहिलं तर त्या मानाने मऊ लागणं. यात गुठळीने आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि तासागणिक आतडं मरत असतं.

किती खोलात जायचं?

पंचाहत्तरीत रोज शेतावर जाणारा शेतकरी आणि त्याच वयाचा, अंथरुणाला खिळलेला, तीन आजारांनी थकलेला माणूस यांना एकच तपासण्यांची यादी लावता येत नाही. तपासणीने जे कळेल त्यावर उपचार झेपणार आहे का आणि रुग्णाला तो हवा आहे का, हे आधी बोलावं. आइनस्टाइन यांना १९५५ मध्ये शस्त्रक्रिया सुचवली गेली होती. त्यांनी विचारपूर्वक नकार दिला. असा नकार द्यायचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. पण त्यासाठी आजार काय आहे हे रुग्णाला सांगितलेलं असावं लागतं. आपल्याकडे मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून “त्यांना काही सांगू नका” म्हणतात, आणि ज्याचं पोट दुखतंय त्यालाच निर्णयातून वगळतात. फार तपासण्या नको असं ठरलं, तरी दुखणं कमी करणं, मळमळ थांबवणं, शौच मोकळी ठेवणं हे उपचार चालूच राहतात आणि ते नीट करायलाही निदानाचा अंदाज लागतो.

घरच्यांना करता येण्याजोगी कामं साधी आहेत. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा उतरला, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो गेले, तर ते वय झाल्यामुळे म्हणून सोडू नका. दुखणं कधी, कुठे, जेवणाआधी की नंतर, शौचाने बरं वाटतं का, हे आठवडाभर वहीत नोंदवा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. जो रोज सोबत राहतो, त्यानेच दवाखान्यात बरोबर जावं. परगावाहून सुटीत आलेल्या मुलापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

म्हातारी माणसं तक्रार कमी करतात. मुलांना रजा काढावी लागेल, खर्च होईल, आपल्यामुळे घर अडकेल, या विचाराने ती दुखणं गिळतात. त्यांनी दुसऱ्यांदा पोटाचं नाव काढलं, म्हणजे ते बराच काळ सोसून झालेलं आहे असं समजावं. डॉक्टरांकडे गेल्यावर औषध काय हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: “तुम्हाला कारण काय वाटतं?” आणि “या औषधाने किती दिवसांत फरक पडला नाही तर पुढे काय करायचं?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावं आणि त्या दिवशी बरं नसेल, तर न चुकता परत जावं.